चाबकाविना चाबूकस्वार

नागपूरच्या वायव्येस चार-पाच कोसांवर माहुरझरी नावाचे गाव आहे. तेथील माळावर धोंड्यांची मोठमोठी वर्तुळे आढळतात. जुनापाणी, टाकळघाट-खापा, नायकुंड या आसपासच्या स्थळीही तशीच वर्तुळे आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी या भागात वसलेल्या लोकांची ती दफनस्थाने होत. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ नंतरच्या दशकात येथे जी उत्खनने केली, त्यांत माणसांच्या अस्थींबरोबर घोड्यांचे अवशेष निघाले, लोखंडी लगामांची कडियाळी निघाली, आणि घोड्याच्या मस्तकावर बांधावयाचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही निघाले. म्हणजे भोसल्यांच्या घोडदळाच्या टापा बंगालपर्यंत वाजल्या त्याच्या कितीतरी शतके आधीपासून या मातीतील माणसास घोडा ठाऊक होता, प्रिय होता, आणि त्याच्या तोंडात लगाम कसा द्यावा हेही अवगत होते. मात्र लगाम लोखंडाचा, म्हणून तो मातीत टिकून राहिला. लगाम घेऊन पुढे झालेला हात कसा होता, घोडा त्या हातापासून पळाला की त्याच्याकडे आला, हे मातीत टिकत नाही. आजच्या लेखात आम्हांस त्या हाताविषयी लिहावयाचे आहे.

निमित्त एका पत्राचे आहे. नागपुरात राहणारे व काटोलच्या बाजूस संत्र्याची बाग असणारे एक एकत्र कुटुंब आमचे जुने वाचक आहे. त्यांच्या एका परिचितास चारा परवडेना, म्हणून त्याने आपल्या कुरणात मोकळी वाढलेली चार वर्षांची घोडी यांच्या स्वाधीन केली. जन्मापासून तिच्या अंगास माणसाचा हात लागलेला नाही. बागेतल्या आवारात येऊन तिला तीन आठवडे झाले, पण पंधरा पावलांच्या आत ती कोणासही येऊ देत नाही. एकदा दोर टाकून पाहिला, तो तोडून तिने कुंपणाची दोन लाकडे मोडली. घरातील वडील मंडळींचे मत असे की एखादा चाबूकस्वार बोलवावा, चौघांनी दोर टाकून तिला धरावी, पाय बांधावा, काटेरी लगाम चढवावा, म्हणजे चार दिवसांत गाय होईल. घरातील एका नातीस हे मान्य नाही. आजोबांनी अखेर निवाडा दिला आहे की पावसाळ्यापूर्वी घोडी हाताशी आली तर ठेवावी, नाही तर वरातीच्या धंद्यातील कोणास देऊन टाकावी. नात आम्हांस विचारते, बळ न वापरता रानटी घोडा खरोखर शिकतो काय, की ही नुसती भाबडी समजूत आहे?

प्रथम आजोबांविषयी. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या काळी घोडा हे पोट भरण्याचे वा जीव वाचविण्याचे साधन होते, त्या काळी महिनोन्महिने वाट पाहण्यास सवड नव्हती. आपल्या भाषेनेच त्याची साक्ष ठेवली आहे. घोडा शिकविणाऱ्यास आपण 'चाबूकस्वार' म्हणतो. त्याच्या विद्येचे नाव त्याच्या हातातील हत्यारावरून पडले. तथापि आपल्याच परंपरेत दुसराही एक सूर आहे. अज्ञातवासात नकुल विराटाच्या पागेवर ग्रंथिक नावाने राहिला, तो अश्वांचे शिक्षण आणि त्यांची चिकित्सा दोन्ही जाणणारा म्हणून. शुक्रनीतीत घोड्यास कोणत्या दोषासाठी कोठे ताडन करावे हे सांगितले आहे खरे, परंतु त्यापुढेच असाही इशारा आहे की भलत्या ठिकाणी मारलेल्या घोड्याच्या अंगी पुष्कळ दोष शिरतात आणि ते तो जगेल तोवर जात नाहीत. चाबूक मान्य करणाऱ्या शास्त्रासही त्याची भीती वाटत होती, हे आजोबांनी लक्षात घ्यावे अशी आमची विनंती आहे.

आता 'रानटी' या शब्दाचा खुलासा करू. ज्यांचे पूर्वज कधीच माणसाच्या दावणीस नव्हते असे मानले जाते, असे घोडे आज जगात एकाच जातीचे आहेत, ते मंगोलियातील ताखी. आपल्या घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, ताखीच्या पेशीत ६६. मोकळ्या रानातून ही जात नाहीशी झाली होती. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेले ताखी १९९२ पासून पुन्हा मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात सोडण्यात आले. बाकी जे घोडे रानात फिरताना दिसतात ते पाळीव घोड्यांचेच मोकळे झालेले वंशज होत. आपल्याकडे आसामातील डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात तसे कळप आहेत. अमेरिकेतील मस्टँगही तसेच. तेथे १९७१ साली कायदा होऊन या घोड्यांस संरक्षण मिळाले. कुरणास झेपेनात इतके झाले म्हणजे त्यांतील काही पकडून गृहस्थांस दत्तक देण्याची तेथे पद्धत आहे. कॉलोरॅडो संस्थानातील तुरुंगात १९८६ साली कैद्यांकडून असे घोडे शिकवून घेण्याचा उपक्रमही सुरू झाला. तेव्हा आमच्या वाचकांच्या घरी जो पेच पडला आहे तो जगात एकट्या त्यांच्यापुढेच पडलेला नाही. कुरणात मोकळी वाढलेली घोडी वंशाने पाळीव असली तरी अनुभवाने रानटीच आहे.

परंतु वंशाचे पाळीवपण ही लहान गोष्ट नव्हे. जुन्या अस्थींतील आनुवंशिक द्रव्य तपासून २०२१ साली संशोधकांनी असे दाखविले की आजचे सर्व पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील एका समूहापासून निघाले, आणि सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ते झपाट्याने सर्वत्र पसरले. त्या समूहात दोन जनुकांची निवड विशेष झालेली दिसते. एकाचा संबंध पाठीच्या बळकटीशी असावा आणि दुसऱ्याचा भीती कमी असण्याशी. माणसाने घोड्यात मुळापासून काय निवडले असेल, तर ओझे वाहणारी पाठ आणि शांत राहू शकणारे मन. हे दुसरे देणे त्या घोडीच्या रक्तात आहेच. ते वर काढावयाचे की चार दिवसांत दडपून टाकावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

घोडा हा शिकार करणारा प्राणी नव्हे, शिकार होणारा आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्यास जवळजवळ सभोवार दिसते. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून जो माणूस सरळ समोरून येऊन नाकावर हात ठेवू पाहतो तो शेवटच्या क्षणी घोड्याच्या दृष्टीतून नाहीसा होतो, आणि मागून येणारा तर मुळीच दिसत नाही. त्यास दुगाण्या बसल्या तर घोड्याने दावा साधला असे समजू नये. वाघाच्या जिभेस रक्त लागलेले असते, घोड्याच्या पायास पळ लागलेला असतो. संशय आला की आधी पळावयाचे आणि मग वळून पाहावयाचे, याच नियमाने तो जगत आला आहे. पळण्यास वाट नसेल तरच तो लढतो. चौघांनी दोर टाकून धरलेल्या घोड्यास नेमके हेच शिकविले जाते की माणूस आला म्हणजे वाट बंद होते.

मग शिकविण्याचे खरे साधन कोणते? घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. या एका वाक्यात ही सारी विद्या आहे. आपण एक पाऊल पुढे टाकले, घोडीने कान टवकारले पण ती जागेवर उभी राहिली, तर त्याच क्षणी आपण मागे वळून दूर जावे. तिच्या मनात नोंद होते की उभे राहिले असता हे माणूस जाते. ती पळाल्यावर आपण मागे सरलो तर नोंद उलटी होते, की पळाले असता माणूस जाते. पाऊल तेच, मागे सरणेही तेच. फरक फक्त क्षणाचा, आणि त्या क्षणावर घोड्याचा सारा स्वभाव घडतो किंवा बिघडतो. म्हणून हातातील दोरापेक्षा डोळ्यातील लक्ष महत्त्वाचे. कान सैल पडणे, मान खाली येणे, तोंड चघळल्यासारखे हलणे, दीर्घ श्वास सोडणे, मागचा एक पाय टेकवून उभे राहणे, ही भीती उतरल्याची लक्षणे. डोळ्यातील पांढरे दिसणे, नाकपुड्या ताणणे, शेपूट आवळणे, पोट घट्ट होणे, ही चढल्याची. भीती चढत असता काही शिकवू नये. त्या वेळी घोडा एकच धडा शिकतो आणि तो आपल्याला नको असतो.

या नियमाची परीक्षा सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या मौजेने केली. गोल रिंगणात घोड्यास पळवून, तो माणसाकडे वळताच दाब काढून घ्यावयाचा, म्हणजे थोड्या वेळाने तो आपण होऊन माणसामागे चालू लागतो, अशी एक पद्धत आहे. अमेरिकेतील मॉन्टी रॉबर्ट्स यांनी १९८९ साली इंग्लंडच्या राणीपुढे विंडसर येथे ती करून दाखविल्यापासून तिचा फार बोलबाला झाला. घोडा माणसास आपला नायक मानतो म्हणून मागे येतो, असे तिचे स्पष्टीकरण देत असत. सिडनीच्या संशोधकांनी माणसाऐवजी दुरून चालविता येणारी एक खेळण्यातील मोटार रिंगणात सोडली. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबावयाची. घोडे त्या मोटारीच्याही मागे चालू लागले! मोटारीस कोणी नायक म्हणणार नाही. तेव्हा येथे काही गूढ मंत्र नाही, दाब कोणत्या क्षणी सुटतो याचेच काम आहे. आमच्या वाचकांनी यातून धीर घ्यावा. ही विद्या मंत्राची असती तर काटोलच्या बागेत ती कोठून येणार? पण ती लक्ष ठेवण्याची असल्यामुळे कोणाही सावध माणसास साध्य आहे.

आता क्रम सांगतो. पहिले आठ-दहा दिवस शिक्षण नाहीच. पशुवैद्याकडून घोडीची पाहणी करवावी. जवळ जाता येत नसेल तर दुरून चाल, श्वास आणि लीद पाहूनही त्यास बरेच समजते. धनुर्वाताची लस हात लावू देईल तेव्हा प्रथम टोचावी. चारा एकदम बदलू नये. घोड्यास ओकारी करता येत नाही, आणि पोटशूळ हा त्याचा काळ आहे. पूर्वीच्या कुरणातील गवत मिळाले तर उत्तम, न मिळाल्यास नवा चारा आठवडाभर थोडाथोडा वाढवीत न्यावा. आवार एवढे असावे की तिला दूर जाता येईल, आणि कुंपण उंच व स्पष्ट दिसणारे असावे. काटेरी तार मुळीच नको. शक्य असेल तर शेजारी एखादा वयस्क शांत घोडा ठेवावा. घोडा एकटा राहणारा प्राणी नव्हे, आणि शहाण्या घोड्याच्या अंगावरून माणसाचा हात फिरताना ती पाहील तर आपले काम कमी होते.

दुसरा टप्पा जवळ येण्याचा. रोज एकाच माणसाने, ठराविक वेळी, आवारात जाऊन बसावे. पुस्तक न्यावे, भाजी निवडावी, काहीही करावे, पण घोडीकडे टक लावून पाहू नये. मग उठून तिच्या खांद्याच्या दिशेने तिरके चालत जावे, आणि ती हलण्याच्या आधी, अगदी आधी, परतावे. हे पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. नागपूरच्या वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा सूर्योदयापूर्वीची वेळ धरावी आणि दुपारी तिला सावली व पाणी यांखेरीज कशाचीही मागणी करू नये. उन्हाळ्यात घोड्यास दिवसाकाठी चाळीस-पन्नास लिटर पाणी लागू शकते. पाणी तोडून घोडा वश करण्याची जी युक्ती सांगतात ती युक्ती नव्हे, छळ आहे.

तिसरा टप्पा स्पर्शाचा. पहिला हात नाकास नव्हे, खांद्यास अथवा आयाळीच्या मुळाशी लावावा. घोडे एकमेकांस तेथेच दातांनी खाजवितात. हात लावून घोडी हटण्यापूर्वीच काढून घ्यावा. तो काढून घेणे हेच तिचे बक्षीस. हळूहळू पाठ, पोट, पाय, कान. मग खरारा. मग म्होरकी आधी नुसती दाखवावी, अंगास लावावी, नंतर घालून काढावी. दोरास ओढावे, पण ओढीत राहू नये. तिने अर्धे पाऊल दिले की दोर सैल सोडावा. दोर स्वतःच्या हातास कधीही गुंडाळू नये, हे घरातील प्रत्येकाने पाठ करावे. पाय उचलणे शिकल्यावरच नालबंदास बोलवावे. जीनाखालची घोंगडी, मग मोकळे खोगीर, मग पाठीवर हाताने दिलेला थोडा भार, आणि सर्वांच्या शेवटी स्वार. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांपर्यंत व पुढेही चालू असते. त्यामुळे या चार वर्षांच्या घोडीवर इतक्यात कोणी बसला नाही तरी काही गमावत नाही.

यास किती दिवस लागतील? याचे उत्तर पंचांगात नाही. काही घोडे आठवड्यात हात लावू देतात, काहींस तीन-चार महिने लागतात. आजोबांनी मृगापर्यंतची मुदत दिली आहे. आमची सूचना अशी की मुदत ठेवावी, पण कसोटी बदलावी. 'पावसाळ्यापूर्वी स्वार बसला पाहिजे' ही कसोटी नको. 'पंधरा पावलांचे अंतर घटते आहे की नाही' ही असावी. नातीने रोज रात्री वहीत दोनच आकडे लिहावेत. आज किती पावलांपर्यंत जाऊ दिले, आणि किती वेळा पळाली. महिन्याने वही आजोबांपुढे ठेवावी. वादापेक्षा आकडे वडिलांस लवकर पटतात, असा आमचा अनुभव आहे.

येथे एक खबरदारी दिली पाहिजे. निश्चल उभा राहिलेला प्रत्येक घोडा निर्भय नसतो. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जॉन रेरी नावाचा एक अमेरिकन अश्वशिक्षक होऊन गेला. १८५८ साली त्याने इंग्लंडच्या राजघराण्यापुढे आपले कसब दाखविले. तो मारझोडीवर भर देत नसे, म्हणून त्याची फार वाहवा झाली. तो घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्याने वर बांधी, आणि घोडा झटापट करून थकला म्हणजे त्यास जमिनीवर निजवी. तो उठे तेव्हा शांत असे खरा. पण आजचे प्राणिमानसशास्त्र विचारते की ती शांतता विश्वासाची होती, की 'काही केल्या सुटका नाही' या निराशेची? बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक नंतर कळतो. निराश झालेला घोडा वर्षभर मुकाट्याने चालतो आणि एके दिवशी वाऱ्याने फडफडलेल्या कागदास बुजून, पाठीवरील पोरासकट चौखूर उधळतो. विश्वासलेला घोडाही बुजतो, पण बुजल्यावर क्षणभर माणसाकडे पाहतो. त्या क्षणात स्वाराचा जीव वाचतो. दयेचा प्रश्न बाजूस ठेवला तरी, ज्या घोड्याजवळ घरची मुले वावरणार तो बळाने वठणीस आणणे हा धोक्याचा सौदा आहे. आजोबांस हा मुद्दा आम्ही विशेष करून सांगू इच्छितो, कारण नातवंडांची काळजी त्यांस आमच्याहून अधिक असणार. काटेरी लगामाविषयी म्हणावे तर तो नुसता क्रूर नाही, बेकायदाही आहे. प्राणिक्लेश प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांनी अणकुचीदार लगामास मनाई केली आहे.

कोणी म्हणेल, मायेने घोडा शेफारतो. शेफारतो हे खरे, पण मायेने नव्हे, ढिलाईने. खिशात गूळ ठेवून वाटेल तेव्हा देणारा माणूस घोड्यास खिसा चावण्यास शिकवितो. अंगावर रेलू देणारा त्यास माणूस ढकलण्यास शिकवितो. घोडी अंगावर आली तर तिला निश्चयाने मागे सारावे, आणि ती मागे सरताच लगेच शांत व्हावे. राग धरून ठेवू नये. घोडा राग समजत नाही, फक्त दाब सुटला नाही एवढेच समजतो. खाऊचा उपयोगही आहेच. फ्रान्समधील रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केले की ज्या घोड्यांस शिकविताना योग्य वर्तनाबद्दल खाऊ दिला होता, ते कित्येक महिन्यांनीही शिकलेले विसरले नव्हते आणि माणसाजवळ अधिक ओढीने येत होते. खाऊ द्यावा, पण योग्य क्षणी, आणि शक्यतो भांड्यात.

आता एकत्र कुटुंबासाठी खास दोन शब्द. घरात बारा माणसे असली म्हणजे घोडीस बारा गुरू मिळतात. काका 'हो' म्हणून थांबवितात, दादा 'हो' म्हणून चालवितात, धाकटी मंडळी कुंपणावरून आरोळ्या देतात, आणि स्वयंपाकघरातून कोणी प्रेमाने शिळ्या पोळ्यांचा ढीग आणून ओततो. या गोंधळात घोडा शहाणा कसा व्हावा? पहिले दोन महिने शिकविण्याचे काम एकट्या नातीकडे असावे. दुसऱ्या एकाने तिच्या सोबतीस कुंपणाबाहेर बसावे, कारण अशा घोड्यापाशी कोणीही एकटे असू नये. नंतर माणसे एकेक करून वाढवावीत. थांबण्याचा, चालण्याचा, मागे सरण्याचा शब्द ठरवून तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा, आणि घरातील थोरांपासून पोरांपर्यंत सर्वांनी तोच वापरावा. लहान मुलांनी मोठ्यांवाचून आवारात जाऊ नये. खोगिरावर बसण्याची वेळ येईल तेव्हा डोक्यास शिरस्त्राण असल्यावाचून कोणीही बसू नये. घोडीच्या निमित्ताने घरात एक शब्द एकाच अर्थाने वापरला जाऊ लागला, तर तो लाभ घोडीपुरता राहणार नाही, असे आम्हांस वाटते.

आणि एक कटु गोष्ट. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. चारा, वैद्य, नालबंद, आवार, आणि रोज दोन वेळा एका माणसाचा वेळ, एवढे पंचवीस वर्षे देण्याची तयारी नसेल तर आजच चांगले ठिकाण शोधणे हाच प्रामाणिकपणा. मात्र देताना घोडी हाताळलेली असेल तर तिला चांगले ठिकाण मिळेल, न हाताळलेली असेल तर ती जाईल तेथे चाबूकच वाट पाहत असणार. म्हणून ठेवावयाची असो वा द्यावयाची असो, नातीने आरंभिलेले काम व्यर्थ नाही. या दोन-तीन महिन्यांत तिला जे शिकवाल ते तिच्या पुढील सर्व मालकांस पुरेल.

शेवटी, आपले काम साधले हे ओळखावे कसे? लोक म्हणतील स्वार बसला म्हणजे. आमची खूण निराळी आहे. घोडा उभ्यानेच डुलकी घेऊ शकतो, त्याच्या पायांची रचनाच तशी आहे. परंतु खरी गाढ झोप त्यास आडवे झाल्यावाचून येत नाही, आणि उठून पळण्यास जेथे क्षणाचा उशीर चालेल असे त्यास वाटते तेथेच तो आडवा होतो. बागेत माणसांची ये-जा चालू असता, मोटेच्या जागी आलेले यंत्र फटफटत असता, ती घोडी एखाद्या सकाळी पाय पसरून गवतावर निजलेली दिसली, म्हणजे समजावे की शिक्षण लागू पडले. त्या दिवशी मात्र तिला उठवू नये.